फुलाबाईचं पोट

पासलीच्या फुलाबाईचं पोट फुगायला लागलं ते भातलावणीच्या दिवसांत. चिखलात वाकलं की वाटायचं, कुणी पोटाला पाण्यानं भरलेली पखाल बांधलीय. दोन घास खाल्ले की तुडुंब. आंबट ढेकर यायचे, मळमळायचं आणि कूस बदलायची तरी पोट हातानं उचलून ठेवावं लागायचं.

आधी घरचे उपाय झाले. ओवा-मीठ झालं, बेंबीवर हिंग झाला, एरंडेल झालं. बाळाबाई म्हातारीनं "गोळा सरकलाय" म्हणत तेलानं पोट चोळलं आणि उतार पडेना तेव्हा बिब्ब्याचे डाग दिले. डाग पिकले, वाळले, पोट होतं तसंच राहिलं. वेल्ह्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर घरून नेलेल्या बाटलीत गुलाबी औषध भरून द्यायचा. ते घेतलं की घटकाभर बरं वाटायचं. मग पुन्हा वेल्ह्याची वाट. चालून चालून फुलाबाईचे पाय सुजले, पण सांगणार कुणाला?

भात पिवळं पडलं तोवर हातपाय काटक्यांसारखे झाले आणि पोट लुगड्यात मावेना. तिचा नवरा सर्जेराव वारून तीन वर्षं झाली होती.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. ती पाणवठ्यावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं, एवढंच. शेजारची ठकुबाई तेवढी विचारायची, "फुलाबाय, अजून उतार न्हाई व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता पोटाकडं बघत राहायची. विंझरला दिलेली लेक रतन दिवाळीला आली नाही. कामं आहेत, असा निरोप आला. फुलाबाईनं तो ऐकला आणि सुपातलं धान्य पाखडत राहिली. रडायलाही अंगात जोर लागतो.

शेवटी दीर चिमाजी उंबऱ्यात येऊन बसला. "वैनी, भोरला डॉक्टरीण हाय म्हनं. भामाला घेऊन जाऊन या. काय आसंल ते एकदाचं कळू द्या."

'काय आसंल ते' म्हणताना त्यानं मान खाली घातली. फुलाबाईला सगळं कळलं. घरातसुद्धा तेच होतं तर.

उजाडायच्या आत दोघी जावा निघाल्या. भामाबाई पुढं, फुलाबाई मागं. एरवी भामाबाई वाटेनं बडबड करणारी, पण आज तिनं वेल्ह्यापर्यंत तोंड उघडलं नाही. फुलाबाई दर टेकाडाला थांबायची, पोटाखाली हात घालून दम घ्यायची. भामाबाई लांब उभी राहायची. भाकरीचं गठुडं फुलाबाईच्याच डोक्यावर होतं.

एसटीत कंडक्टरनं पोटाकडं बघून एका माणसाला उठवलं. "बाईला बसू द्या हो, अवघडलेली आहे." फुलाबाई बसली. कपाळ मोकळं होतं, ते तिनं पदरानं झाकलं. विंझरला गाडी थांबली तेव्हा तिनं खिडकीकडं पाठ केली. नसरापूरला गाडी बदलली, तिथंही दोघी दोन दगडांवर वेगवेगळ्या बसल्या.

भोरच्या दवाखान्यात गर्दी होती. नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टरीण पोरसवदा होती, पण हात अनुभवी होता. तिनं फुलाबाईला पडद्याआड आडवं केलं, डागांकडं बघून "च्च" केलं, पोटावर बोटं ठेवून वाजवून पाहिलं. या कुशीवर, त्या कुशीवर. जेवण किती जातं, परसाकडं होते का, पाळी येते का. फुलाबाई छताकडं बघत "व्हय", "न्हाई" करत राहिली. नवरा कधी गेला, तेही बाईनं विचारलं. तिनं सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. आता काय म्हणायचं ते म्हणू दे.

"बाई, तुमच्या पोटात गाठ आहे," डॉक्टरीण म्हणाली. "चांगली कलिंगडाएवढी. तिनं सगळी जागा अडवलीय, मग अन्न राहणार कुठं? म्हणून ढेकर, म्हणून पोट फुगतं. ओव्यानं जाणारं दुखणं नाही हे."

फुलाबाईनं डोळे उघडले. "पोर न्हाई ना?"

"छे! पोर कसलं?"

"मला ठाव हाय वो न्हाई ते. तुमी सांगा."

"नाही. गाठच आहे. पुण्याला नेऊन कापून काढायला हवी, आणि लवकर. जिवाला धोका आहे, कळतंय ना?"

"कळतंय." फुलाबाई उठून बसली. तिनं पदर सावरला. "बाई, येवढं भाईर येऊन सांगाल का? माझी जाऊ हाय. जरा मोठ्यानं सांगा."

डॉक्टरीण तिच्याकडं बघतच राहिली. मग बाहेर गेली आणि बाकावरच्या बायाबापड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात भामाबाईला सगळं सांगितलं. गाठ आहे, बाकी काही नाही.

भामाबाईचा चेहरा उतरला. फुलाबाई बाहेर आली तशी ती उठली आणि तिनं तिच्या हातातलं गठुडं काढून घेतलं.

"आक्का, म्या..."

"चल," फुलाबाई म्हणाली. "गाडी चुकंल."

पुण्याला चिमाजी बरोबर गेला. गाठ निघाली. वाईटातली नव्हती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. भामाबाई घरची भातकापणी टाकून तिच्या उशाशी राहिली, तिची लुगडी धुतली, तिला चमच्यानं पेज पाजली. एकदा पेज पाजतानाच ती हुंदके द्यायला लागली. "तुमच्यावर म्या बी इस्वास ठेवला न्हाई, आक्का."

फुलाबाईनं घास गिळला. "दे पुढचा," ती म्हणाली.

ती गावी आली तेव्हा वावरं रिकामी झाली होती. बायका बघायला आल्या. ठकुबाई तांदळाचा रवा घेऊन आली, अगदी जवळ बसली. "आमी तवाच म्हनलं हुतं, ह्यो आजार हाय म्हनून. लोकांचं काय, लोक कायबी बोलत्यात."

भामाबाई चुलीपासून ताडकन उठली. फुलाबाईनं हातानंच तिला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे, भामा. बसू दे तिला."

रागवावं असं तिलाही वाटलं होतं. पुण्याच्या खाटेवर तिनं बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, एकेकीसाठी वेगळी. आता त्यातलं एकही आठवेना. टाका ओढत होता. ती गोधडीवर कुशीला वळली. ठकुबाई पुण्याच्या दवाखान्यात जेवायला काय देतात ते विचारत होती, आणि विचारता विचारताच फुलाबाईचा डोळा लागला.