चौऱ्याहत्तर दिवस

चौऱ्याहत्तर दिवसांनी ताई संशोधन केंद्रात परतली आणि खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिथल्या संशोधकांत वयानं थोरली, म्हणून ती सगळ्यांचीच ताई. वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी भावाच्या एका फोनसरशी उठून गेली होती. तिकडे औषधं, तपासण्या आणि बाबांची चिडचिड यांतून ऑफिसची मेल उघडायला सवड होती कुणाला! आज उघडली, तर वरच क्लस्टरवाल्यांचं पत्र: सामायिक साठ्यात साठ दिवस कुणीही न उघडलेल्या फाइली एक तारखेला काढून टाकल्या जातील, आणि त्या परत मिळणार नाहीत.

आज सात तारीख होती.

तळमजल्यावरच्या गार खोलीत एकत्र जोडलेले शेकडो संगणक म्हणजे ते क्लस्टर. त्याचा सामायिक साठा स्वयंपाकाच्या ओट्यासारखा वापरायचा: काम करा, आवरा, ठेवणीतलं कपाटात ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि ओटा मात्र कुणी आवरत नाही. ताईनंही आवरला नव्हता. दोन आकाशगंगा एकमेकींत मिसळताना काय होतं, याचं सात महिने चाललेलं गणित, बाराशे फाइली, सगळं तिथंच पडलेलं. पुन्हा चालवायचं तर क्लस्टरवरचा तिच्या वाट्याचा वेळ संपलेला, आणि प्रबंध द्यायला उरले होते तीन महिने.

त्याहून वाईट म्हणजे बाबा. दवाखान्यातल्या खाटेवरून ते रोज विचारायचे, माझ्यापायी तुझं काम तर अडलं नाही ना? आणि ती रोज म्हणायची, छे, काम काय पळून जातंय! आता त्यांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव ती मनातल्या मनात करू लागली.

बघावं म्हटलं तर क्लस्टरच्या पासवर्डचीही मुदत संपलेली. ती जिना उतरून कोठीकाकांकडे गेली. साठा सांभाळतात म्हणून कोठीकाका. माणूस सज्जन, पण दिलासा देणं त्यांच्या स्वभावातच नाही. चौऱ्याहत्तर हा आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की या वेळी झाडू जरा जोरातच फिरलाय, फार आशा ठेवू नका. मग नवा पासवर्ड देऊन त्यांनी स्वतःच्याच पडद्यावर तिचं फोल्डर उघडलं. ताई भिंतीवरच्या अग्निशामकाकडे बघत उभी राहिली.

काकांनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवली.

"आहेत की," शेवटी ते म्हणाले. आवाजात आनंदापेक्षा तक्रारच जास्त होती. "बाराशेच्या बाराशे. गेल्या गुरुवारी उघडल्यात कुणीतरी. त्याच्या आधीच्याही गुरुवारी."

जुन्या आकृत्यांचं फोल्डर तेवढं साफ झालं होतं. ते गेलं तर गेलं. ताईचा जीव भांड्यात पडला. पण गुरुवारी उघडल्या कुणी? काकांनी नोंद काढली. नाव निघालं आयतोबाचं.

आयतोबा म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलावरचा संशोधक. दुसऱ्याचा तयार प्रोग्राम मिळत असताना स्वतः लिहायचा, हे त्याला पटतच नसे. ताई जायच्या आदल्या दिवशी त्यानं फाइलींवरून आलेख काढणाऱ्या तिच्या प्रोग्रामसाठी लकडा लावला होता. तिनं नाक मुरडतच आपलं फोल्डर त्याला वाचायला खुलं केलं, आणि मग भावाचा फोन आला, ते बंद करायचं राहूनच गेलं.

वर जाऊन विचारलं तेव्हा त्यानं मोठ्या अभिमानानं प्रोग्राम दाखवला. दर गुरुवारी माझ्या फाइलींवर चालवतो, म्हणाला, आलेख तर इतके सुरेख येतात की मार्गदर्शक सरांनीही पाठ थोपटली. ताईनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. फाइली कुठून घ्यायच्या, ते तिथं लिहिलेलं असतं. तिथं अजून तिच्याच फोल्डरचा पत्ता होता.

आयतोबाचा चेहरा उतरला.

"म्हणजे दहा आठवडे मी..."

"माझ्याच आकाशगंगा मोजत होतास," ताई म्हणाली. "मोजत राहिलास म्हणून वाचल्या."

एरवी तिनं त्याची बिनपाण्यानं केली असती. आज तिला त्याचा आळस इतका पथ्यावर पडला होता, की रागावायचं कुठून हेच कळेना. तिनं आधी आपल्या फाइली कायमच्या साठ्याकडे रवाना केल्या, मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली आणि पत्ता बदलून दिला. सरांना सांगायला मी येते बरोबर, असंही म्हणाली. त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

दुपारपर्यंत शेवटची फाइल पोचली. तिनं आकडा दोनदा ताडून पाहिला आणि घरी फोन लावला. बाबांनी तब्येतीचं सांगायच्या आधीच विचारलं, "कामाचं काय?"

"सगळं जागच्या जागी आहे, बाबा," ती म्हणाली. सकाळपासून जुळवलेल्या वाक्यांतलं एकही लागलं नाही.