दोघांच्या हातचा बाक

मी तुतीच्या लाकडाचा बाक बोलतोय. तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब, आणि वयानं म्हणाल तर एकतीस वर्षांचा. झाड म्हणून उभा होतो ती वर्षं यात धरलेली नाहीत.

तेव्हा मी एका शाळेच्या आवारात होतो. पोरांची तोंडं आणि शर्ट जांभळे करायचे, आणि घरी त्यांना बोलणी खायला लावायची, हा माझा उद्योग. एका वादळात मुळासकट आडवा झालो. शाळेनं खोड विकायला काढलं, तेव्हा एक नवरा-बायको आले. तो फर्निचर करायचा, ती लाकडात शिल्पं कोरायची. त्यानं माझ्यावर बोटांनी टकटक केलं. तिनं सरळ गाल टेकवला. दोघं एकदमच म्हणाले, "हे माझं."

झालं! एका जाडजूड ओंडक्याबरोबर भांडणही घरी आलं.

त्यांची कामाची खोली लांबट होती. खिडकीकडची बाजू तिची, दाराकडची त्याची, आणि मधे खडूची रेघ. हिच्या ढलप्या रेघेपलीकडे उडाल्या की त्याची कुरकुर सुरू. तो तिला 'बाईसाहेब' म्हणायचा, ती त्याला 'मिस्त्री'. त्यांची मुलगी शाळेतून आली की नेमकी रेघेवर बसून अभ्यास करायची. म्हणजे कुणाची बाजू घेतली असं कुणाला म्हणता येऊ नये.

बाईसाहेबांना माझ्यातून आपली आई कोरायची होती, मांडीवर हात ठेवून बसलेली. त्याला बाक करायचा होता. "आधी वाळू दे," तो म्हणायचा. "ओलं लाकूड मागाहून दगा देतं." या सबबीवर चार वर्षं निघाली. मी कोपऱ्यात वाळत होतो आणि माझ्यावर चहाचे कप ठेवले जात होते.

मग तिच्या शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण परत आल्यावर जे बोलणं झालं ते शब्दन् शब्द ऐकलं. कुणा पाहुण्यानं त्याला हमाल समजून सांगितलं होतं, "ते शिल्प गाडीत नीट ठेवा बरं का." ती शेजारीच उभी होती. काही बोलली नाही.

"त्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "त्याला काय माहीत मी कोण ते! तुला तर माहीत होतं ना?"

"लोकांचा गराडा होता रे. राहून गेलं."

"वीस वर्षं राहूनच जातंय."

त्यानं मोठी करवत आणून माझ्या मधोमध टेकवली. "अर्धं तुझं, अर्धं माझं. एकदाचं मिटू दे."

"कापू नकोस ना," ती म्हणाली.

त्यानं करवत खाली ठेवली, आणि करवतीबरोबर बोलणंही ठेवून दिलं. तीन आठवडे मुलगीच निरोप्या. "बाबा, आई विचारतेय, जेवायला येताय का?" "सांग, येतो." दोघं एकमेकांपासून चार हातांवर!

एका सकाळी बायको स्वतःच रेघ ओलांडून त्याच्या बाजूला आली. "मला सांधा करायला शिकव."

"शिल्पाला सांधा लागत नाही."

"बाकाला लागतो."

मग कानावरची पेन्सिल काढून त्यानं तिच्या हातात दिली.

मला वखारीतून चिरून आणलं. एवढं कोरता येतं म्हणजे सांधा डाव्या हाताचा मळ, असं तिला वाटलं होतं. पहिला सांधा पडायला आलेल्या दातासारखा हलला. दुसरा आत जाईना. तिसऱ्याला मी चिरलो. "बाईसाहेब, नुसतं दिसायला बरं असून भागत नाही," तो म्हणाला. "यावर माणूस बसणार आहे." चौथा मात्र टक् करून बसला. ती तिथेच भुशात खाली बसली.

"तू हे रोज करत होतास," ती म्हणाली, "आणि मी एकदाही बघितलं नाही."

"बघ की मग आता," तो म्हणाला, आणि फुंकर मारून त्यानं भुसा उडवला.

नंतर तिनं आपली कोरायची पटाशी त्याला दिली. माझ्या हातावर, म्हणजे हात टेकायच्या पट्टीवर, त्यानं तुतीचं पान कोरलं. पान कमी, मासाच जास्त झाला. मुलगी पोट धरधरून हसली. तिच्या आईनं मात्र त्या पानाला दुरुस्तीचा हात लावला नाही.

पुढच्या प्रदर्शनात मला शिल्पांच्या मधोमध मांडलं. कुणीतरी माझ्यावर 'हात लावू नये' अशी पाटी ठेवली. तिनं ती पर्समध्ये टाकली, माझ्यावर बसली आणि भरल्या दालनात हाक मारली, "मिस्त्री, इकडे ये. बस." मग लोकांना म्हणाली, "हा माझा नवरा. बाक आम्ही दोघांनी केलाय. जे सांधे घट्ट आहेत ते याचे."

सगळे हसले. तो येऊन बसला. लोकांना तो मासा दिसू नये म्हणून त्यानं त्यावर तळवा ठेवला, हे फक्त मला कळलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्यांच्या दाराशी होतो. दुपारचा चहा माझ्यावर व्हायचा, भांडणंही व्हायची. मधासारखा पिवळा होतो, तो हळूहळू काळपट तपकिरी झालो. सहा वर्षांपूर्वी तो गेला. खोली बंद झाली. मला कुठे ठेवायचं ते तिनंच ठरवलं. "माझ्याकडे आता कोण बसणार? वर्तमानपत्रांची रद्दी साठेल नुसती," ती मुलीला म्हणाली. "माणसं खोळंबून असतात तिथे ने त्याला."

म्हणून मी इथे आलो. मुलगी दुखऱ्या गुडघ्या-खांद्यांना व्यायाम शिकवते, त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत. भुशाच्या वासाची आठवण येते. इथे फिनेलचा वास. ज्याला दुखतं तो कडेला अवघडून बसतो, सोबत आलेला मागे रेलून फोन बघतो. परवा एक आजोबा, दोन महिने सुनेचा हात धरून उठणारे, माझ्यावर हात रोवून एकटेच उठले. सून आनंदानं रडायला लागली आणि तेच तिला गप्प करत बसले.

एवढंच मागणं आहे, ओली छत्री तेवढी माझ्यावर ठेवू नका. बाकी हवं तितकं बसा.

तुमचाच नंबर पुकारला वाटतं. घाई करू नका. सगळा भार माझ्यावर टाका, आणि उठा सावकाश.