स्टेशनबाहेरची अकरावी गाडी

"ही व्हॅन चौऱ्याऐंशीची आहे," मी म्हणालो. "मला ब्याऐंशीची पाहिजे."

खोकेवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा छळ करायलाच जन्माला आलोय. "अहो साहेब, बोटाच्या पेराएवढी व्हॅन ती. दोन वर्षांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"मागचे दिवे बघ. उभे आहेत. ब्याऐंशीत आडवे होते. डोळे आहेत की बटणं?"

"बरं बाबा, आडवे. शोधतो."

त्याचं दुकान म्हणजे चपलांच्या खोक्यांचे ढीग. प्रत्येक खोक्यात कापसात गुंडाळलेल्या छोट्या छोट्या गाड्या, म्हणून तो खोकेवाला. मी एकतीस वर्षं वाहन तपासणीच्या कचेरीत काढली. जाळी, दिवे, आरसे बघून मी गाडीचं साल सांगतो आणि चुकत नाही. भलत्याच सालातली गाडी समोर आली की माझं डोकंच फिरतं. त्या दिवशी मात्र मी नुसता चिडलो नव्हतो, घाबरलोही होतो. ती व्हॅन दहावी होती. तिच्यानंतर एकच गाडी शोधायची उरत होती.

गाड्या दाजींसाठी होत्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी माडीवरच्या खोलीत लाकडी फळ्यांवर आमचं स्टेशन उभं केलं, सत्त्याऐंशी पट लहान. दोन फलाट, पाण्याची टाकी, त्यांची केबिन, बाहेरचं आवार, सगळं. ज्यांना ही हौस असते ते एखादं साल धरतात आणि त्या सालचं जे मिळेल ते मांडतात. दाजींनी एक दिवस धरला होता. ब्याऐंशी साल, ऑक्टोबरची एकवीस तारीख, दुपारी तीन चाळीसची पॅसेंजर.

त्या पॅसेंजरने भिंगरी आली होती. ताई-दाजींची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून भिंगरी. आत्याकडे आठ दिवस राहून ओळखीच्या गार्डबरोबर परत येत होती. दाजी ड्यूटीवर, ताई तापाने अंथरुणात. आणायला मामाने, म्हणजे मी, जायचं होतं. गार्डने तिला फाटकातून बाहेर पडताना बघितलं. त्यानंतर तिला कोणीच बघितलं नाही. पोलिसांनी तळं, विहिरी, गोदामं, सगळं पालथं घातलं. तिची चप्पलसुद्धा मिळाली नाही.

कोणीच बघितलं नाही, हे खोटं आहे. मी बघितलं.

सगळ्यांना मी सांगितलं की बॅटरी बसली, गिरणीपाशी अडकलो, पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. बॅटरीला काहीही झालं नव्हतं. मी तीन वीसलाच पोचलो होतो. आवाराच्या टोकाला झाडाखाली गाडी लावली, काचा वर केल्या आणि रेडिओवर सामना ऐकत बसलो. शेवटची पाच मिनिटं होती आणि बरोबरी होती. काचेवर टकटक झालं, दोनदा. डोळ्याच्या कोपऱ्यातून लाल रिबन दिसली. मी मान न वळवता पंजा दाखवला, थांब म्हणून. तिने परत दोनदा वाजवलं. मी हात झटकला. पाच मिनिटांनी दार उघडलं तर तिथे कोणी नव्हतं. तो सामना कोणी जिंकला ते मला अजून पाठ आहे, आणि त्याची मला मरणाची लाज वाटते.

आधी भीतीने खोटं बोललो. पोरगी तासाभरात सापडेल असं वाटलं होतं. मग रात्र झाली, आठवडा झाला, आणि खरं सांगायची सोयच राहिली नाही.

दाजींना केबिनच्या खिडकीतून आवार दिसायचं. त्यांनी त्याच आठवड्यात पोलिसांसाठी यादी केली होती. टपालाची गाडी, लाकडं भरलेला ट्रक, पेपरवाल्याची व्हॅन, डॉक्टरीणबाईंची निळी मोटार, अशा दहा. अकरावी झाडाआड होती. तिच्या छपराचा तेवढा तुकडा त्यांना दिसला होता.

"पांढरट होतं छप्पर," दाजी म्हणायचे. "त्या गाडीतल्या माणसाने माझ्या पोरीला नक्की बघितलंय. तो माणूस मला पाहिजे, इन्स्पेक्टर."

मी तपासणी कचेरीतला साधा कारकून, पण ते मला लाडाने इन्स्पेक्टर म्हणायचे. माझी गाडी तेव्हा दुधाळ रंगाची होती. निम्म्या गावाच्या गाड्या त्याच रंगाच्या होत्या आणि माझी तर बॅटरी बसली होती, त्यामुळे माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. सव्वीस वर्षं बघितलं नाही.

मग तुम्ही म्हणाल, बाबा रे, मग त्यांच्यासाठी गाड्या शोधत कशाला हिंडत होतास? नाही म्हणायचं काय कारण सांगणार होतो? गाड्यांतलं मला कळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि खरं सांगू का, दाजी एकेक गाडी तळहातावर घेऊन खूश व्हायचे, तेव्हा मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मागल्या वर्षी सातवी गाडी मांडली, टपालाची, तेव्हा ते सुरू झालं. दाजी रोज दुपारी तीन चाळीसला ती पॅसेंजर फलाटावर आणायचे. त्या दिवशी गाडी थांबली, आणि खोलीत कुठेतरी टकटक वाजलं. दोनदा. मला वाटलं रूळ गरम झाले असतील. तेवढ्यात ताई ओल्या हातांनी जिना चढून धापा टाकत वर आली.

"ऐकलंत का रे? कोणीतरी वाजवलं."

दाजींना ऐकू आलं नव्हतं. जन्मभर केबिनमधल्या घंटांनी त्यांचे कान गेलेले. मी म्हणालो, "लाकूड वाजलं असेल, ताई."

"लाकूड काय म्हणतोस! बोटाने वाजवलं. पोराचं बोट आहे."

आठवी गाडी आली, आवाज जवळ आला. नववीला आणखी जवळ. मध्येच दाजींनी हौसेने एक भलत्या सालची रिक्षा मांडली होती, ती असेपर्यंत काही वाजलं नाही. मी ती उचलली, दुसऱ्या दिवशी परत सुरू. ताईने ते बरोबर हेरलं. तिने दाजींना सांगितलं, मला बजावलं, खोटी गाडी एकही नको. ती रोज साडेतीनला वर येऊन स्टुलावर बसायला लागली. केस विंचरून यायची. जेवायला लागली, दोन शब्द बोलायला लागली. सव्वीस वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं.

"दार वाजवतेय रे ती," एकदा मला म्हणाली. "पण कुठलं दार? मी घरातलं एकूणएक दार उघडून ठेवते. कपाटंसुद्धा. तरी वाजवतेच."

दार नव्हतं ते. काच होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी तिथेच शहाण्यासारखा बसून राहायचो.

दहावी व्हॅन आली, आडव्या दिव्यांची. त्या दुपारी इतकं स्पष्ट वाजलं की मी मागे वळून बघितलं. ताई हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आता एकच राहिली, इन्स्पेक्टर," दाजी म्हणाले. "झाडाखालची. माझे डोळे चाललेत. लवकर आणा."

मी काय केलं? खोकेवाल्याकडे गेलो आणि एक दुधाळ मोटार मागितली. चौकोनी दिव्यांची. तो म्हणाला, "साहेब, ही चौऱ्याऐंशीची हो! तुम्हीच शिव्या घालाल." मी म्हणालो, "तू बांध गुपचूप." झाडाखाली मी ती ठेवली. भिंग लावून दाजींनी बघितली आणि विचारलं, "ब्याऐंशीचीच ना?"

"ब्याऐंशीचीच," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. माझा शब्द होता ना तो.

तीन चाळीसला पॅसेंजर आली. काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मला आधी हायसं वाटलं, कशाला खोटं बोलू. सुटलो म्हटलं. नवव्या दिवशी ताई माझ्या घरी आली. तीन मजले चढून, एकटी. चप्पल न काढताच खुर्चीत बसली. आठ दिवसांत निम्मी झाली होती.

"ती गाडी चुकीची तर नाही ना रे?"

"नाही."

"तुला कळतं म्हणून विचारते. माझ्यावर रागावू नकोस." मग ती स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागली. "मी गार्डकरवी तिला निरोप धाडला होता. फाटकातून बाहेर आलीस की मामाची गाडी बघ. झाडाखाली असेल. सरळ मामाकडे जायचं, इकडेतिकडे भटकायचं नाही. नाही ऐकलं तिने. भिंगरीच ती. मी तिला मनातल्या मनात किती बोलले रे. ऐकलं असतंस तर आज असतीस, असंसुद्धा बोलले. आता जरा जवळ आली होती तर परत गेली. माझ्या बोलण्याचाच राग आला असेल."

मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. मेलेल्या लेकरावर आळ होता, आणि तो मी घेऊ दिला होता. ताई गेल्यावर मी टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात माझीच गाडी होती, छोटी. भिंगरी गेली त्याच वर्षीच्या थंडीत एका दुकानात दिसली आणि घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही. डाव्या मडगार्डला मी तापल्या सुईने पोचा पाडला होता, खऱ्या गाडीला होता तसा. ना मांडता आली, ना टाकवली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी माडीवर गेलो. ताई स्टुलावर होती, केस तसेच. मी चौकोनी दिव्यांची मोटार उचलली आणि माझी गाडी झाडाखाली ठेवली, तोंड फाटकाकडे करून.

दाजी भिंग घेऊन वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग बोटाच्या टोकाने मडगार्ड चाचपलं.

"हा पोचा," ते हळू म्हणाले, "माझ्या सायकलने पडला होता."

"हो."

"ही तुमची गाडी आहे."

"हो दाजी. मी तिथे होतो. तीन वीसपासून." आणि मी सगळं सांगितलं. बॅटरी, रेडिओ, रिबन, पंजा. एक शब्द गाळला नाही. सांगत असतानाच घड्याळात तीन चाळीस झाले. कोणी कळ दाबली ते मला कळलं नाही, पण पॅसेंजर आली आणि फलाटावर थांबली. टकटक. दाजींनी मान वर केली. त्यांनाही ऐकू आलं होतं. परत टकटक. आमच्या तिघांच्या मध्ये वाजत होतं, हाताच्या अंतरावर.

ताई रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं ती माझ्या थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती गाडीपर्यंत आली होती," ती म्हणाली.

"हो."

"सांगितलं होतं तशीच."

"हो ताई. सरळ माझ्याकडेच आली होती."

"शहाणी माझी बाय ती," ताई म्हणाली. "शहाणी गं माझी." ती आवाराच्या दिशेने वाकली आणि झाडाखालच्या जागेवरून बोट फिरवत राहिली. दाजींनी वीज बंद केली. "तुम्ही आता जा," माझ्याकडे न बघता म्हणाले. इन्स्पेक्टर म्हणाले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांच्या माडीवर काही वाजत नाही. माझ्याकडे वाजतं. तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेवर. बाहेर ना सज्जा ना झाड. पहिल्या दुपारी मी कानांवर हात ठेवून न्हाणीघरात बसलो. दुसऱ्या दुपारी दाराची घंटा वाजली, ताई होती. तिला कोणी सांगितलं देव जाणे. माझ्याशी एक अक्षर न बोलता आत आली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसली.

आता रोज येते. माझ्या हातचं पाणी घेत नाही. तीन चाळीसला टकटक होतं, दोनदा. मग ती माझ्याकडे बघते. मी उठतो. "आलो गं, आलो," म्हणतो आणि खिडकी सताड उघडतो. खाली रस्ता, रहदारी, बाकी काही नाही. थोडा वेळ आम्ही दोघं तसेच उभे राहतो.

मग ताई चपला घालते, आणि जाता जाता उघड्या खिडकीला म्हणते, "उद्या परत ये हं. मामा आहे घरी."