उडत्या तबकड्या तपासणारं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे आणि सध्या भयंकर वैतागलेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्या म्हाताऱ्या वस्तूनं कसं गोड बोलावं. गोड बोलायचे माझे दिवस संपले. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फोटो स्टुडिओत पहिला माणूस उडत्या तबकडीचा फोटो घेऊन आला, त्याच दिवशी संपले.

माझी काच कुणी घासली ते मला ठाऊक नाही. आठवतात ते आक्काताईंचे हात. आक्काताई म्हणजे स्टुडिओच्या मालकीणबाई. नवरा फोटो काढायचा आणि ही बाई निगेटिव्हवर मला धरून टोकदार पेन्सिलीनं काम करायची. नवरीच्या गालावरचा मुरूम, फौजी पोराच्या टोपीवरचा ओरखडा, सगळं हलक्या हातानं घालवायची. तिची एक रीत होती. फोटो हातात आला की आधी उलटा धरायचा, डोकं खाली, पाय वर. "सरळ धरला की आपल्याला माणूस दिसतो," ती म्हणायची. "उलटा धरला की कुठं उजेड हाय आन् कुठं अंधार, तेवढंच दिसतं." लांबलांबची माणसं यायची, फोटो बघून खूश व्हायची आणि आक्काताई संध्याकाळी मला मऊ मलमलीनं पुसून डबीत ठेवायची. काय दिवस होते ते!

मग मोबाईल आले. निगेटिव्ह गेल्या, पेन्सिली गेल्या, मालकही गेले. आक्काताईंचा मुलगा भरतेश कॉम्प्युटरवर बसायला लागला आणि मी खणात जाऊन पडलो, संपलेले सेल आणि वाळलेले शिक्के यांच्या शेजारी. वाईट वाटायचं, पण शांतता होती. आता वाटतं, तीच बरी होती.

कारण एकदा कुणीतरी भुताचा फोटो आणला. भरतेशनं मला खणातून काढलं, दोन फोटो चिकटवल्याची रेघ दाखवली, आणि ती गोष्ट गावभर झाली. तेव्हापासून रांगच लागली. कडेगावकडचा एक जण डोंगरावर लाल डोळ्यांचं यान उतरल्याचा फोटो घेऊन आला. अरे, पवनचक्कीवरचा दिवा तो! हा माणूस जन्मभर त्या पवनचक्क्यांखाली राहिलेला. महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला तर परग्रहावरचा माणूसच घेऊन आला, धुक्यात उभा, काळा, लांबलचक हातांचा.

"आवं मालक," भरतेश म्हणाला, "ह्यो स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर अंथरायचा काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर हाय. वाऱ्यानं उठलाय."

"तुमचं भिंगच खराब हाय," हॉटेलवाला म्हणाला.

माझं! ज्यानं आयुष्यभर पापणीचा एकेक केस मोजून दाखवला, ते मी खराब! वर त्यानं आपल्या तेलकट बोटानं माझी काच दाबून बघितली. मित्रांनो, माणसं माझ्याकडे बघायला येत नाहीत. त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि मी नुसती मान डोलवावी अशी त्यांची इच्छा असते. मला मान नाही, हे एक बरं आहे.

असंच चाललं होतं, आणि एक दिवस राजवर्धन आला. कडेगावजवळच्या एका वाडीतला हा पोरगा स्वतःचं चॅनेल चालवतो. त्याच्या मोबाईलवरचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. उसाचा फड, मधून जाणारी वाट, वाटेवर पाठीवर बोजा घेतलेला एक लहानसा दिसणारा माणूस. वर पहाटेचं निळं आभाळ आणि आभाळात चकचकीत गोल तबकडी. तबकडीवर पिवळा घुमट, आणि तिच्या पोटातून खाली, थेट त्या माणसाच्या डोक्यावर, फिकट उजेडाचा झोत.

"दादा, खरा हाय एवढं फक्त क्यामेऱ्यासमोर म्हणा," राजवर्धन म्हणाला. "टीव्हीवाल्यांनी पण घेतलाय. झोत माणसाला वर खेचून घेतोय म्हणत्यात."

"बघितल्याबिगर कसं म्हणू?" भरतेश म्हणाला.

"बघायचं काय त्यात? दिसतंयच की!"

ऐकलंत? दिसतंयच की! मग मला कशाला बाहेर काढलं रे बाबा?

पण त्याच्या मागोमाग पायरी चढून त्याची चुलती आली, बनुबाई, आणि माझा वैताग जरा मागं पडला. फोटो तिनंच काढलेला. वाटेवरचा तो माणूस म्हणजे तिचा मुलगा दिग्विजय. सुट्टी संपवून पलटणीत परत निघाला होता. पोहोचल्याचा फोन आला होता, पण पुढं डोंगरावरच्या चौकीत रेंज नसते, म्हणून नंतर काही खबर नाही. एरवी बनुबाईला याची सवय होती. तिचा नवरा नाथाजी स्वतः फौजेत होता. पण टीव्हीवर तो झोत पाहिल्यापासून बाईनं अन्न टाकलं होतं. गाल बसले होते, डोळे कोरडे पडले होते.

"मालक म्हणत्यात, फौजेत असंच असतंय, गप जेव," ती आक्काताईंना म्हणाली. "पर आक्का, माझ्या लेकराच्या डोक्यावर त्ये काय व्हतं? म्या सोता फोटो काढला आन् मला दिसलं बी न्हाई. त्येला काय झालं तर?"

राजवर्धनला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याचं लक्ष संध्याकाळच्या लाइव्हकडे. "काकी, ते मैत्री करायला आलं असतील," असं म्हणून तो तिची समजूत घालत होता. मला त्याची चीड आली. माझी मूठ शिसवाची, आपली आपण उठत नाही, नाहीतर डोक्यातच बसली असती त्याच्या.

भरतेशनं राजवर्धनच्या मोबाईलवरचा फोटो मोठा केला, तर नुसते चौकोनी ठिपके. मी काय बघणार, कपाळ? इकडून तिकडे पाठवून पाठवून फोटोचं पार भुस्काट झालेलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आक्काताई पहिल्यांदा बोलल्या.

"बाई, तुमी काढला त्यो कुठं हाय? मूळचा?"

बनुबाईनं कमरेच्या पिशवीतून आपला मोबाईल काढला. काच तडकलेली. इतक्या लोकांनी फोटोवर इतकं तोंडसुख घेतलं, पण त्या बाईचा मोबाईल एकानंही मागितला नव्हता. हद्द झाली!

मूळ फोटो जरा मोठा निघाला. डाव्या कडेला खिडकीची चौकट होती.

"हे कुठं गेलं?" भरतेशनं विचारलं.

"कापलं मी," राजवर्धन म्हणाला. "खिडकी मधी कशाला? चांगलं दिसंना."

भरतेशनं मोठ्या कागदावर छापून दिला. आक्काताईंनी मला पदरानं पुसलं, खूप दिवसांनी इतक्या मायेनं, आणि फोटो उलटा केला. मग ऊस ऊस राहिला नाही आणि आभाळ आभाळ राहिलं नाही. नुसता उजेड आणि अंधार. आक्काताई मला धरून सावकाश सरकत गेल्या. लांबचा ऊस पानापानानं स्वच्छ होता, पण तबकडीची कड पुसट. म्हणजे ती लांब नव्हतीच, उसाच्या वर तर नव्हतीच. झोतावर आल्यावर त्या थांबल्या. मीही थांबलो. झोताला आडव्या रेघा होत्या. बारीक, एकाखाली एक, आणि दोन्ही टोकांना एकेक जाड.

"बाई, खिडकी बंद व्हती?"

"व्हय. थंडी लय व्हती."

"फोटो एका हातानं काढला? दुसऱ्यात काय व्हतं?"

बनुबाई विचारात पडली. "दारात ओवाळलं त्येला. मग त्यो वाटंला लागला, तवा माझं मन ऱ्हाईना. ताट घिऊनच माडीवर पळाले. खिडकीतनं परत येकदा ओवाळलं, असं वर धरून. त्येनं काय वळून बघितलं न्हाई. मग म्हणलं, फोटो तरी..."

आक्काताईंनी तिचा डावा हात धरला आणि फोटोशेजारी टेबलावर ठेवला. दोन पाटल्या आणि मधे हिरव्या बांगड्या. मी एकदा हातावर, एकदा झोतावर. स्टीलचं ताट, ताटात निरांजन, आणि ते उचलून धरलेला बनुबाईचा हात. खिडकीच्या काचेत पडलेलं सगळं प्रतिबिंब बरोबर तिच्या लेकाच्या डोक्यावर आलेलं.

बनुबाई माझ्यातून बघत राहिली. तिचा श्वास लागून माझ्यावर वाफ धरली, तरी ती हलेना. मग कोरड्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसायलाच लागली. "आगं बया, माझाच हात की गं!" आक्काताईंनी आतून भाकरी आणि दूध आणलं. ती तिथंच, टेबलाशी बसून जेवली.

राजवर्धनचं तोंड मात्र एवढंसं झालेलं. "काकी, पण आता लोकांना काय सांगू? सगळी वाट बघत्यात, झोत कसला म्हणून."

बनुबाईनं तोंडातला घास गिळला. "सांग की. त्येच्या आईचा हात हाय म्हणावं."

त्यानं सांगितलंही, हे कबूल करायला हवं. पण तो व्हिडिओ फारसा कुणी बघितला नाही. झोतवाला फोटो अजून फिरतोच आहे. परवाच एक गृहस्थ तोच फोटो घेऊन आमच्याच स्टुडिओत आले आणि आम्हालाच समजावून सांगू लागले.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. अशा फोटोवर तोंड उघडण्याआधी मूळ फोटो मागा. कडेचं काय कापलंय ते विचारा. उलटा करून बघा. ज्यानं काढला त्याला विचारा, बाबा, तुझ्या दुसऱ्या हातात काय होतं? आणि तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं भिंग पडलं असेल तर त्याला मऊ फडक्यानं पुसा, तेलकट बोटं लावू नका.

चौकटीसकट छापलेला तो फोटो बनुबाईनं टपालानं पलटणीत धाडला. पुढं दिग्विजय चौकीवरून खाली आल्यावर त्याचा फोन आला. फोटो त्यानं ट्रंकेच्या झाकणाला आतून लावलाय. आईला एवढंच म्हणाला, "मला ठावंच नव्हतं, तू परत ओवाळलंस म्हणून."