गुरुवारचा पेपर

सबिनाच्या भावाचं, सादचं, लग्न झालं ते साल २०२२. त्याच महिन्यात निरवांगीचे दत्तोबा बारामतीला तिच्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "बाई, मला आजार न्हाय. निस्ती झोप न्हाय."

बायको कुशाबाई जाऊन तीन महिने झाले होते. ती रोज त्यांना पेपर वाचून दाखवायची.

"आता पेपर येतोय, पर मुका येतोय."

"मग बंद का नाही केला, आबा?"

"तिच्या नावानं येतोय. कसा बंद करू?"

सबिनाकडे दारू न सुटणारे यायचे, सासवा-सुना यायच्या, परीक्षेला घाबरलेली पोरं यायची. ज्याला जे लागेल ते ती करायची. सत्तरीच्या दत्तोबांना तिनं पाटी दिली. दीड वर्ष दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ते एसटीनं येत, अक्षराखाली बोट ठेवून एक बातमी वाचून दाखवत आणि मगच कुशाबाईबद्दल बोलत. झोप लागायला लागली होती.

"आपा, हे कुठल्या शास्त्रात बसतं?" साद हसायचा. "एक ना धड, भाराभर चिंध्या! बारामतीत आता गुडघ्याचा डॉक्टर वेगळा अन् खांद्याचा वेगळा. तू एक कायतरी धर."

ते तिच्या मनाला लागलं. पुण्याला जाऊन तिनं कोर्स केला आणि डिसेंबरात दारावर बोर्ड लावला : 'फक्त लहान मुले व विद्यार्थी'. जुन्या माणसांना तो लागू नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं. दत्तोबांना सांगायचं राहून गेलं.

त्या गुरुवारी आतलं काम आटोपून ती बाहेर आली, तर बाकावर पेरूंची पिशवी होती.

"आबा येऊन गेले," टेबलाशी बसणारी मोना म्हणाली. "बोर्ड वाचला, मॅडम. बोट लावून, सगळा. कुठंच अडले नाहीत."

"मग?"

"म्हणाले, 'बराबर हाय पोरी. म्हाताऱ्यानं पोरांची जागा कशाला अडवावी?' मला वाटलं, तुमीच सांगितलं असंल."

सबिनाला आधी आनंदच झाला. 'विद्यार्थी' वाचलं आबांनी! येतील पुढच्या गुरुवारी, मग चांगली रागवेन, म्हणून तिनं पेरू कापला. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. फोन उचलेनात. पोरांच्या परीक्षा आल्या, त्यात आणखी तीन गुरुवार गेले. संक्रांतीच्या तोंडावर ती निरवांगीला पोचली, तेव्हा शेजारच्या बानूबाई दारातच उभ्या होत्या.

"लई उशीर केलास, बाई. जेवण टाकलं हुतं त्यांनी. आमी म्हनलं, जावा की बारामतीला. तर म्हनले, 'तिनंच शिकवल्यालं वाचलंय मी. चुकंल कसं?'"

ओसरीवर पेपरांची चळत होती. खालचे वाचून चुरगळलेले. वरचे महिनाभराचे, घडीसुद्धा न मोडलेले.

दत्तोबा ११ जानेवारी २०२४ला गेले. गुरुवार होता.