आयांपुढचं भाषण

हार्लन टिडवेलशी लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं, आपण फुटबॉलच्या कोचशी लग्न करतोय. खरं तर मी सामानाच्या ट्रकशी लग्न केलं होतं. आज अलाबामा, दोन वर्षांनी टेक्सास, मध्येच कॅन्ससमधलं एक गाव, जिथे वारा आणि गुरं यांच्याशिवाय काही नव्हतं. खिडक्यांना नवे पडदे लावून मी शिडीवरून खाली उतरते न उतरते, तोच हार्लन दारात उभा राहून म्हणायचा, "नेल्डा, एक फोन आला होता." पुढे पुढे मी पडदे शिवायचंच सोडलं. नुसत्या टाचण्या लावायचे.

आमचा अमेरिकेतला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात, आणि हार्लन त्यातल्या बचावाचा कोच. समोरचा संघ चेंडू काखेत मारून धावत सुटला की त्याला आडवा पाडायचा, हे तो कॉलेजच्या पोरांना शिकवत आला. सामना जिंकला की फोटो मुख्य कोचचा यायचा. हरला की सगळे विचारायचे, बचावफळी काय झोपली होती? मुख्य कोचला काढलं की त्याच्या हाताखालच्या सगळ्यांचं बिऱ्हाड पाठीवर. आणि काढायच्या आधी दुसऱ्या मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलं, तर आपणच उठून जायचं. हार्लन नेहमी गेला. कधीतरी आपणही मुख्य कोच होऊ, ही एकच आशा त्याला गावोगाव फिरवत होती. मी तिच्यावर कधीच पाणी सोडलं होतं, पण त्याने नव्हतं.

आणि साठी उलटल्यावर, ज्या डिसेंबरात मी त्याला गवत कापायचं यंत्र दुरुस्त करायला बसवलं होतं, त्याच डिसेंबरात तो फोन आला. अलाबामातलं एक लहान कॉलेज. मुख्य कोचची जागा. बायकोला घेऊन रविवारी चर्चनंतर अध्यक्षांच्या घरी जेवायला या. फोन केला होता कॉलेजच्या क्रीडासंचालकाने आणि त्याचं नाव होतं रोझेल पेटवे.

ते नाव मी विसरले नव्हते. हार्लन मात्र लहान पोरासारखा स्वयंपाकघरात नाचला.

"तू आधी त्याची माफी मागून टाक," गाडीत बसल्या बसल्या मी म्हटलं.

"कसली माफी?"

"कसली म्हणजे! हार्लन, त्या पोराला तू घरून उचलून आणलंस आणि आठवड्याच्या आत टेक्सासला पळालास."

"पळालो नाही, बोलावणं आलं होतं. सगळेच जातात. हा धंदाच तसा आहे आणि रोझेल आता संचालक आहे, त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. राग असता तर बोलावलं असतं का त्याने?"

"बोलावलं म्हणजे राग नाही, हे कुणी सांगितलं तुला?"

"तू मला एवढंच सांग, हा टाय कसा दिसतोय?"

"गळफासासारखा."

तो हसला. मला हसू आलं नाही.

रोझेलच्या घरी हार्लन गेला होता ती गोष्ट तेव्हाची, जेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. जानेवारी महिना म्हणजे कोच लोकांचा दारोदार फिरायचा महिना. चांगला खेळाडू हेरायचा, त्याच्या घरी जाऊन बसायचं आणि त्याच्या आईला पटवायचं. बापाला पटवून उपयोग नसतो. आईने जे पुढ्यात वाढलं ते खायचं आणि वर मागून घ्यायचं. "नको, पोट भरलंय," म्हणालात की पोरगं दुसऱ्या कॉलेजला गेलंच म्हणून समजा. एका संध्याकाळी तीन-तीन घरी हार्लन पोटभर जेवायचा. फेब्रुवारी आला की त्याच्या पँटी मी कमरेत सैल करायचे.

रोझेलची आई, मिस अर्लीन, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवरा नव्हता. तिच्या हातचं बैलाच्या शेपटीचं कालवण हार्लनने तीनदा मागून खाल्लं आणि घरी येऊन मला त्याचं इतकं कौतुक ऐकवलं की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पोराने कॉलेजच्या कागदावर सही केली. त्याच आठवड्यात टेक्सासचा फोन आला. आमच्या जागी आलेल्या कोचने आपली पोरं आणली आणि रोझेल चार वर्षं मैदानाबाहेर बाकावर बसून राहिला. मिस अर्लीनने एकदा मला फोन केला होता. सामान बांधत होते मी. "कोच आहेत का?" तिने विचारलं. हार्लन आधीच पुढे गेला होता. मी निरोप दिला. "करतो तिला फोन," तो म्हणाला. केला की नाही, हे मला विचारावं लागलं नाही. बायकोला कळतं.

अध्यक्ष डॉ. लॉफ्टिस म्हणजे गोड माणूस आणि त्यांची बायको मेरिबेथ त्याहून गोड. टेबलावर तळलेलं चिकन होतं, मक्याची भाकरी होती, लोण्यातल्या वालाच्या बिया होत्या. रोझेल दारातच उभा होता. रुंद खांदे, पिकलेली दाढी, नाकावर चष्मा. त्याने हार्लनला मिठी मारली. "कोच, बारीक झालात," तो म्हणाला. मला जरा धीर आला.

जेवताना हार्लन रंगात आला. ताटातल्या वालाच्या बियांची त्याने बचावफळी मांडली, चिकनच्या हाडाला चेंडू घेऊन पळणारा केला आणि त्याला कुठून कुठून कोंडायचं ते दाखवलं. डॉ. लॉफ्टिस जेवण विसरून बघत होते. रोझेलसुद्धा पुढे वाकला होता. "ही चाल आजही कुणाला फोडता येत नाही," तो अध्यक्षांना म्हणाला आणि ते मनापासून होतं. मला वाटलं, मिळाली जागा. माझ्या नवऱ्याला शेवटी मिळाली. देवाशपथ, मी मनात पडदेसुद्धा शिवायला घेतले होते.

मग डॉ. लॉफ्टिसनी सहज विचारलं, "पण कोच, आमचं मैदान लहान. टीव्हीवर आम्ही दिसत नाही. चांगल्या मुलाच्या आईला तुम्ही काय सांगणार?"

हार्लनने रुमालाने तोंड पुसलं, खुर्ची वळवली आणि मेरिबेथकडे बघितलं. आता काय येणार हे मला माहीत होतं. आरशासमोर दाढी करताना तो ते म्हणायचा, इतक्या वेळा मी ते ऐकलं होतं. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. तो बहुतेक डॉ. लॉफ्टिसना लागला.

"मॅडम," हार्लन म्हणाला आणि त्याचा आवाज असा मऊ झाला, जसा माझ्याशी बोलताना कधी होत नाही, "जिंकायचा शब्द मी देत नाही. चेंडू लांबट असतो, कुठेही उडतो. पण एक शब्द देतो. तुमचं पोर झगा आणि टोपी घालून पदवी घ्यायला मंचावर चढेल ना, त्या दिवशी तुम्ही फक्त तुमच्या शेजारच्या खुर्चीकडे बघा..."

"तिथे मी बसलेला असेन," रोझेल म्हणाला. "आणि तुम्ही रुमाल आणायला विसरलात, तर माझ्याकडे दोन असतील."

मेरिबेथने टाळी वाजवली. "अगंबाई, दोघांनी मिळून पाठ केलंय की काय?"

"नाही मॅडम," रोझेल म्हणाला. "मी एकदाच ऐकलंय. आमच्या घरी."

हार्लनचा चेहरा मी आजवर हरलेल्या कितीतरी सामन्यांनंतर बघितला आहे. तसा तो कधी झाला नव्हता. आपण हे याच्या आईलाही म्हणालो होतो, हे तो साफ विसरला होता. कालवण त्याला आठवत होतं, शब्द आठवत नव्हता. मला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त त्याची कीव आली. मग केळ्याचं पुडिंग आलं आणि सगळे थंडीबद्दल बोलायला लागले.

निघताना रोझेल आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला.

"रोझेल, हे बघ..." हार्लनने सुरुवात केली.

"कोच, मला राग नाही. खरंच नाही. बाकावर बसून बसून कंटाळलो आणि ऑफिसात मदत करायला लागलो, म्हणून आज इथे आहे." त्याने चष्मा काढून पुसला. "आईचं सांगतो. पदवीच्या दिवशी तिने शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती. गर्दी इतकी, की लोक भिंतीला टेकून उभे. येईल तो विचारायचा, इथे कुणी आहे का? ती म्हणायची, आहे. मी म्हटलं, आई, ते टेक्सासला गेले, चार वर्षं झाली. तर म्हणते कशी, टेक्सासहून गाड्या येत नाहीत का?"

मी गाडीचं दार उघडलं.

"बचाव शिकवायला तुमच्याइतका चांगला माणूस मला मिळणार नाही," रोझेल म्हणाला. "म्हणूनच बोलावलं. मनात होतं, इतक्या वर्षांत माणूस बदलला असेल. पण आज पुन्हा तोच शब्द ऐकला, आणि मुख्य कोच केला की त्याला आयांना भेटायला घराघरांत पाठवावं लागतं. मी तुम्हाला कुठल्या तोंडाने पाठवू?"

"आता मी कुठे जाणार रे? या वयात मला कोण बोलावतंय?"

"म्हणजे कुणी बोलावणार नाही, म्हणून राहाल."

हार्लनने टायची गाठ सैल केली.

"मिस अर्लीन कशा आहेत?" त्याने विचारलं.

"गुडघे गेलेत. बाकी ठणठणीत. त्याच घरात असते."

"भेटायला गेलो तर?"

"जा की. आवडेल तिला. जेवल्याशिवाय सोडणार नाही." रोझेलने हार्लनचा हात दोन्ही हातांत धरला. "फक्त कोच, तिला कसला शब्द देऊन येऊ नका."

गाडी गावाबाहेर आली. मग राहवेना.

"हार्लन, इतक्या घरांत तू ते बोललास. एका तरी पोराच्या पदवीला गेलास का?"

"पदव्या मे महिन्यात देतात, आणि तेव्हा नेहमी नवीन गावात असायचो आपण."

"आणि बोलताना तुला ठाऊक असायचं, की जाणार नाहीस?"

"नाही, नेल्डा." त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. "दर वेळी मला खरंच वाटायचं. प्रत्येक घरात. त्या बाईकडे बघताना वाटायचं, ही शेवटची, आता इथेच राहायचं."

तो खोटं बोलत आला असता तर मी त्याला चांगली फैलावर घेतली असती. आमच्या लेकीच्या दर गावी बदललेल्या शाळा, माझी मोडलेली घरं, सगळं त्या एका रस्त्यावर वसूल केलं असतं. पण प्रत्येक वेळी मनापासून शब्द दिलेल्या माणसाला काय बोलायचं? त्याने मलाही दर नव्या घराच्या पायरीवर हेच सांगितलं होतं आणि मीही दर वेळी खरं मानलं होतं.

मिस अर्लीनच्या गावाकडे जाणारा फाटा आला, तसा त्याने वेग कमी केला. दुपारचं ऊन पडलं होतं. गाडी कडेला थांबली.

"जायचं?" त्याने विचारलं.

"जाऊ या. पण तिला सांगशील काय?"

तो विचार करत बसला. ओठ हलत होते. एकदा त्याने "मॅडम" म्हणून सुरुवात केली आणि थांबला. पुन्हा केली, पुन्हा थांबला. मागून एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

"मला त्यांच्याशी दुसरं काही बोलताच येत नाही गं," हार्लन म्हणाला आणि त्याने गाडी वळवून आमच्या घराच्या रस्त्याला लावली.