शेवटी सेव्ह कुणी दाबलं

शहाण्णव साली सुमंतसरांनी विश्रामबागेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात दुसरा काँप्युटर आणला, दोन्ही काँप्युटरांमध्ये एक वायर टाकली आणि दारावर पाटी लावली, 'एकाच वेळी दोघांकडून काम. वेळेची बचत.' उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय! वायर जोडली की दोन माणसांचं आपोआप जमतं असं ज्याला वाटतं, त्यानं डीटीपीचं दुकान कशाला काढावं? वधूवर सूचक मंडळ काढावं.

फाइल असायची माझ्या मशीनवर. सर वायरीतून तीच फाइल त्यांच्याकडे उघडायचे. पण उघडली की प्रत्येकाच्या पडद्यावर आपापली नक्कल यायची. मी काय बदललं ते सरांना दिसायचं नाही, त्यांनी काय बदललं ते मला नाही. आणि शेवटी जो सेव्ह दाबेल त्याचीच नक्कल राहायची, दुसऱ्याचं काम पुसलं जायचं. हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. म्हटलं, "सर, एक चिठ्ठी ठेवू. चिठ्ठी ज्याच्याकडे, त्यानंच फाइलला हात लावायचा."

"मग दोन मशीन कशाला घेतली, नूरजहां?" सर म्हणाले. वर, कोर्स केलेल्या माणसाला अक्कल शिकवू नये, असंही म्हणाले. कोर्स तीन महिन्यांचा होता आणि त्यातला एक महिना त्यांना कावीळ झाली होती.

एका मंगळवारी वडूजहून ओवीच्या लग्नाची पत्रिका करायला तिघं आले. ओवी, तिची आई गोदावरीबाई आणि ओवीचे चुलते नानासो. ओवी दुसरीत असताना तिचे वडील वारले. आईनं कपडे शिवून तिला बी.एस्सी. केलं. चुलत्यांनी काय केलं, असं मी हळूच विचारलं, तर ओवी म्हणाली, "पत्रिकेचा मजकूर लिवला."

तो मजकूर मी वाचला. 'कै. ज्योतिबा यांची कन्या', निमंत्रक स्वतः नानासो, आणि खाली चाळीस नावं. आईचं नाव कुठंच नव्हतं. विधवेचं नाव पत्रिकेवर घालायचं नाही म्हणे. मेलेल्या बापाचं नाव चालतं, जिवंत आईचं अशुभ! ही रीत ज्यानं काढली त्याच्या अकलेला माझा लांबूनच सलाम.

ओवी माझ्या कानाशी वाकली. "ताई, निमंत्रकात आईचं नाव पयलं घाला. न्हाईतर मला ही पत्रिकाच नको."

"ऱ्हाऊ दे गं," गोदावरीबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्या पडद्याकडेच बघत होत्या.

सरांनी ऐटीत काम वाटून टाकलं. वरचा मजकूर माझ्याकडे, खालची नावं त्यांच्याकडे. नानासो त्यांच्या खुर्चीला चिकटून एकेक नाव सांगायला लागले. मी 'श्रीमती गोदावरी' टाइप करून सेव्ह केलं. गोदावरीबाईंनी चष्मा पदराला पुसला आणि ते नाव दोनदा वाचलं. तेवढ्यात सरांनी सेव्ह दाबलं. मी फाइल पुन्हा उघडली, तर नाव गायब. परत घातलं, परत गेलं. दर दोन मिनिटांनी सेव्ह दाबावं, एवढीच एक गोष्ट सरांच्या कोर्समधून त्यांच्याबरोबर घरी आली होती.

तिसऱ्यांदा नाव गेलं तेव्हा ओवी भडकली. "नाना, तुमी आईचं नाव काढताय व्हय?"

"आमी कुठं काढलं?" नानासो म्हणाले. "काँप्युटरनं काढलं. त्याला बी रीत कळती, बग!" आणि ते मोठ्यानं हसले.

सरही हसले. नाव कशानं जातंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकापुढे स्वतःची पाटी खोटी कशी पाडायची? गोदावरीबाई उठल्या. "चल ओवी. मशीनला बी मी नको हाय." त्या हे अगदी खरं मानून बोलल्या, आणि माझं डोकं फिरलं.

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. सरांनी पुन्हा सेव्ह दाबलं, तसं मी लगेच फाइल नव्यानं उघडली. नानासोंनी तोवर सांगितलेली सगळी नावं त्यात आली होती. सगळ्यांच्या वर 'श्रीमती गोदावरी' घातलं आणि सेव्ह केलं. आता सरांनी एकदा जरी बटण दाबलं असतं तरी सगळं मुसळ केरात. वायर माझ्या पायाशीच होती. अंगठ्यानं ओढली, ती निघाली.

सर तिकडे बटण दाबत बसले. "लाइट कमीजास्त होतीय," त्यांनी निदान केलं. नानासोंच्या एसटीची वेळ झाली होती. "सेव्ह झालंय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"झालंय," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? ते स्टँडकडे पळाले. मायलेकी मागे थांबल्या, आणि प्रूफवर सही ओवीनं केली.

शुक्रवारी तिघं पत्रिका न्यायला आले. लग्न सहा दिवसांवर होतं, पार उंब्रजपर्यंत वाटायच्या होत्या. नानासोंनी गठ्ठा सोडला आणि त्यांचा चेहरा उतरला. "वैनीचं नाव कुणी घातलं? आन् आमच्या साडूचं, लालासाहेबांचं, कुठं हाय? लय मानी माणूस हाय ओ त्यो!"

साडूंचं नाव त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं होतं, वायर निघाल्यावर. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही, काँप्युटरनं केलं," मी म्हटलं. "त्याला रीत कळते ना, नाना?"

सर बिलबुक चाळायला लागले. खरं सांगितलं असतं तर पाटी काढावी लागली असती.

गोदावरीबाईंनी गठ्ठ्यातली वरची पत्रिका उचलली आणि पिशवीत ठेवली. "पयली पत्रिका देवाफुडं म्या ठिवणार, भावजी." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "साडूंचं नाव पेनानं लिवा. तुमचं अक्षर बरं हाय."

पत्रिका पाचशे होत्या.